कलदारांचा हंगाम

सोयाबीन सोंगायला आलं की आमच्या केनवडच्या शिवाराचा रंग बघता बघता उतरतो. हिरवं होतं ते पिवळं पडतं, पिवळं तांबूस होतं, पानं गळून जातात आणि नुसत्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहतात. बाजूची तूर मात्र अजून हिरवीगार उभी असते. मग बाया विळे घेऊन उतरतात, गंज्या लागतात, आणि एका सकाळी कुठूनतरी थ्रेशर सुरू होतं. ते दिवाळीपर्यंत थांबत नाही. कुटाराचा, म्हणजे भुशाचा, भुरका दारात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, माठाच्या झाकणावर. मी अंगणवाडी सेविका आहे. माझी लेकरं या दिवसांत शिंकत शिंकत गाणी म्हणतात आणि मी एकेकाचं नाक पुसत टाळ्या वाजवत राहते.

यंदाही तसंच चाललं आहे. या वासानं कोणाला दिवाळी आठवते, कोणाला माहेर. मला रिसोडचं एक दुकान आठवतं आणि त्या दुकानात ऐकलेला माझ्या नवऱ्याचा आवाज.

हे एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळं यांना गावात कोणी नावानं हाक मारत नाही. भरल्या गाडीत पुढच्या दारातून बोललेलं मागच्या बाकावर ऐकू जाईल असा यांचा आवाज. "मंगरूळपीर, मंगरूळपीर, पुढं सरका, माय, पुढं लय जागा हाय!" लग्न ठरायच्या आधी मी एकदा यांच्याच गाडीनं मामाकडं जात होते, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा ऐकला आणि हसू आलं होतं. पुढं संसारात त्या आवाजाची कटकटही झाली. दुपारी जरा डोळा लागला की हे अंगणातूनच कोणालातरी ओरडून बोलत. मी म्हणायची, "हळू बोला, हे घर हाय, गाडी नाई."

नाण्यांचा नाद यांना त्या चामड्याच्या पिशवीतूनच लागला. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया कनवटीतून काय काढून देतील याचा नेम नसे. कधी भोकाचा पैसा, कधी कुठल्या परक्या मुलखातलं नाणं. हे ते बाजूला ठेवत आणि त्या जागी आपल्या खिशातलं चालू नाणं टाकत. हळूहळू तांब्या-पितळेवरून गाडी चांदीवर आली. चवली, पावली, अधेली, आणि सगळ्यांत वर इंग्रजांच्या वेळचा चांदीचा रुपया. त्याला आमच्याकडं कलदार म्हणतात. राणीचा मुखवटा असला तर राणीछाप, राजाचा असला तर राजाछाप. आमचा प्रवीण, यांचा परव्या, चड्डीत होता तेव्हापासून या नादात सामील. सुटीच्या दिवशी बापलेक सकाळी रिसोडला जायचे आणि संध्याकाळी हातात एखादं नाणं आणि आलूबोंड्यांचा पुडा घेऊन परत यायचे. मी कधी सोबत केली नाही. म्हटलं, असू दे, बाप्यांचा खेळ आहे.

प्रवीण मोठा झाला आणि पोलीस भरतीच्या मागं लागला. आमच्या फाट्यावर पहाटे पोरं पळतात. अजूनही पळतात. त्या उन्हाळ्यात एका मालाच्या गाडीनं त्याला मागून धडक दिली. दवाखान्यात नेलं ते नेण्यापुरतंच.

त्या दिवसापासून यांचा आवाज बंद झाला. वाचा बसली असं नाही. पाणी मागत. "हो" म्हणत, "नाई" म्हणत. विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांबरोबर ओठ हलले. पण बोलणं म्हणून जे असतं, माणूस आपल्या मनानं दुसऱ्याला काही सांगतो ते, ते संपलं. तालुक्याच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. माझे भाऊ आले, समजावून गेले. मी दिवसभर अंगणवाडीत ओरडून ओरडून गाणी म्हणायची आणि घरी आले की भांडी मुद्दाम आपटत ठेवायची. कशानं तरी घर वाजावं म्हणून.

मग तो हंगाम आला. आमचं दोन तुकडे शेत बटईनं दिलेलं, त्यामुळं हे सोंगणीला जाण्याचा प्रश्न नव्हता. बाजाराच्या दिवशी सकाळी यांनी धुतलेला शर्ट घातला, कपाटातून नाण्यांचा पत्र्याचा डबा काढला आणि चालू लागले. मी घाबरले. डबा घेऊन हा माणूस कुठं निघाला? मदतनीस बाईला लेकरं बघायला सांगितलं आणि मी मागं धावले. फाट्यावर हे काळीपिवळीत बसले होते. मी शेजारी बसले. त्यांनी पाय जरा आत घेतले, एवढंच.

रिसोडच्या जुन्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, रऊफभाईंचं दुकान होतं. पुढं टेबलावर ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि आतल्या काचेच्या कपाटात जुनी नाणी मांडलेली. पाटी घड्याळाची, पण लोक म्हणत चिल्लरवाल्याचं दुकान. रऊफभाई थकलेले, दाढी पांढरी, एका डोळ्यात फूल पडलेलं. दुसऱ्या डोळ्याला भिंग लावून बसलेले. आम्हाला पाहून त्यांनी भिंग काढलं. मला वाटलं, आता रऊफभाई प्रवीणचा विषय काढणार, सांत्वन करणार, आणि हे उठून निघून जाणार. पण त्यांनी फक्त स्टूल पुढं ओढलं. "या मास्तर. वहिनी, तुमी बाकावर बसा, पंख्याखाली." आणि टेबलावरचा एक रुपया बोटानं यांच्याकडं सरकवला. "पाहा बरं हे. सकाळीच आलं."

यांनी नाणं कडेनं धरून उचललं. उजेडाकडं केलं.

"बोडका राजा," हे म्हणाले. नाण्यावरच्या राजाच्या डोक्यावर मुकुट नव्हता. "घासला कोनीतरी. चिंच लावली वाटते."

"मले बी तेच वाटलं."

"कायले घासतात लोक, रऊफभाई? काळी पडली तरी ती चांदीची कातडी हाय. सोलून काढल्यावर मंग काय राह्यलं?"

मी बाकाची कड घट्ट धरली. बाहेर गल्लीत एक बाई बांगड्यांचा भाव करत होती, तिच्याकडं बघत राहिले, पण मला ती दिसत नव्हती. किती महिन्यांनी हा माणूस एक अख्खं वाक्य बोलला होता. आणि मग दुसरं, तिसरं. रऊफभाई अधूनमधून नुसतं "हां" म्हणायचे आणि हे बोलत जायचे. डबा उघडला, एकेक कलदार रुमालावर मांडला. तो कुठल्या गाडीत, कोणाकडून मिळाला ते सांगितलं. एका राजाच्या अंगरख्यावर हत्ती काढला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला आणि सरकारला ते रुपये मागं घ्यावे लागले, ही गोष्ट तर हसत हसत सांगितली. रऊफभाईंनी ती आधी शंभरदा ऐकली असणार. तेही हसले. मी पाठमोरी बसून तो आवाज ऐकत होते. बऱ्याच दिवसांनी घोटभर पाणी मिळावं तसं.

परतीच्या जीपमध्ये मी हिंमत करून विचारलं, "तो हत्तीवाला रुपया आपल्याकडं हाय काय?"

हे खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्याच्या कडेनं सोयाबीनची पोती भरलेले ट्रॅक्टर मार्केटकडं चालले होते.

त्या हंगामात दर बाजाराला आम्ही रिसोडला गेलो. सारा आठवडा मी त्या एका दिवसाची वाट बघायची. सणाला नवी साडी काढतात तशी मी त्या दिवशी बरी साडी काढायची. दुकानात मला कोणी काही विचारत नसे, मीही मध्ये पडत नसे. बाकावर बसून मेथी निवडायची, शेंगा सोलायची, आणि ऐकायची. घड्याळांची टिकटिक, नाण्यांची किणकिण, आणि यांचं बोलणं. कधी कधी मला रागही यायचा. रात्रंदिवस शेजारी मी आहे, पोर माझंही होतं, आणि यांचा आवाज निघतो तो या गल्लीतल्या टेबलावर. मग राग विरून जायचा. जिथं निघतो तिथं निघू दे.

घरी आल्यावर नाणी ठेवायचा एक सोहळा असायचा. हात साबणानं धुऊन कोरडे करायचे. माझ्या जुन्या पांढऱ्या साडीचा, विहारात नेसायची तिचा, एक तुकडा जमिनीवर अंथरायचा. प्रत्येक कलदार वेगळ्या मऊ कागदाच्या पाकिटात. एकावर एक घासता कामा नये. रबर लावायचं नाही, रबरानं चांदी काळी पडते. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही. स्वयंपाकघराजवळ डबा ठेवायचा नाही, कांद्याची, फोडणीची वाफ लागते. हे सगळं मी दुकानात ऐकून शिकले होते. घरी हे काम मुक्यानंच चालायचं. एके दिवशी मी पाहिलं, ओल शोषायला असतात त्या पांढऱ्या पुड्या हे डब्यात टाकत होते. औषधाच्या बाटलीत निघतात तशा. त्या कुठून आल्या ते कळायला मला वेळ लागला नाही. भरतीसाठी प्रवीणनं पळायचे नवे बूट घेतले होते, ते खोक्यातून पुरते बाहेरही निघाले नव्हते. पुड्या त्या खोक्यातल्या. आणि डबा ठेवायची जागाही हळूच बदलली होती. प्रवीणच्या कपाटात, वरच्या खणात, त्याच्या पुस्तकांच्या बाजूला.

अशोक विजयादशमीला गावातली निम्मी माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. निवृत्त होण्याआधी हे त्या दिवशी जादा गाडीवर असायचे आणि घसा बसवून घरी यायचे. त्या वर्षी हे अंगणात बाजेवर पडून होते. मी एकटीच रिसोडला जाऊन रऊफभाईंना गाठलं.

"भाई, घरी काईच बोलत नाईत. तुमच्याशी येवढं बोलतात. मले काई सांगा, मी काय करू?"

रऊफभाईंनी हातातलं घड्याळ बाजूला ठेवलं. "वहिनी, खरं सांगू? माझ्याशी बी नाई बोलत ते. बोलाचं असते ते प्रवीणशी. तो त्याच स्टुलावर बसे. मी आपला मधात बसलेला माणूस." मग म्हणाले, "आन मले बी तुमाले एक सांगाचं होतं. दिवाळीनंतर मी बंद करून राह्यलो. या डोळ्यानं तर गेलो, दुसरा बी चालला. पोरगं अकोल्याले घेऊन जाते म्हणते. दुकान मोबाईलवाल्यानं घेतलं."

गल्लीत ऊन होतं तसंच होतं, पण मला एकदम गार वाटलं. मी म्हटलं, "यायले सांगू नका एवढ्यात."

"नाई सांगत. पन वहिनी, किती दिवस?"

तेव्हा मला सुचलं ते मी बोलून बसले. "मंग मले शिकवा. घरी बोलाले कोनी पाहिजे ना. मी बोलीन."

रऊफभाईंनी शिकवलं. अंगणवाडीची मीटिंग आहे असं घरी सांगून मी आठवड्याच्या मधल्या दिवशी जायची. राणी तरुण केव्हाची आणि पोक्त केव्हाची, बोडका राजा कोणता आणि मुकुटाचा कोणता, कडेच्या रेघा कशा बघायच्या, झीज कुठून सुरू होते, गालावरून की केसांवरून. बोटाच्या टोकावर कलदार तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खरी चांदी लांबवर वाजत राहते, खोटी ठण्ण करून मरते. माझ्या बोटावर ते नाणं पहिल्यांदा वाजलं तेव्हा मला वेड्यासारखा आनंद झाला. पहिलीत पाटीवर अक्षर उमटतं तेव्हा होतो तसा. रात्री पडल्या पडल्या मी मनात पाठ करायची. काय म्हणायचं, कसं सुरू करायचं, हे काय उत्तर देतील. यांची उत्तरंही मीच तयार करायची. किती मोकळे बोलत होते हे माझ्या डोक्यात!

दिवाळीच्या पाडव्यानंतरच्या बाजाराला रऊफभाईंनी यांना सांगितलं. काचेचं कपाट अर्धं रिकामं झालेलंच होतं, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे ऐकत राहिले. रुमालावर मांडलेले कलदार एकेक करून पाकिटात घातले. मग म्हणाले, "मंग आता दाखवाचं कोनाले?"

रऊफभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी बाकावरून उठले. "मले दाखवा," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, नवलानंही नाही. चुकीच्या गाडीत चढलेल्या माणसाकडं पाहावं तसं. मग डबा काखेत मारून हे गल्लीत उतरले. रऊफभाईंनी दोन्ही हात जोडून माझा निरोप घेतला आणि काहीतरी म्हणाले, ते बाजाराच्या गलबल्यात मला ऐकू आलं नाही.

तरी मी सोडलं नाही. दोन दिवसांनी दुपारी, हे पांढरा तुकडा अंथरून बसले तेव्हा मी हात धुऊन, कोरडे करून समोर जाऊन बसले. एक राजाछाप कडेनं उचलला, अगदी रीतसर. म्हटलं, "हा मुकुटाचा. कानावर झिजला हाय, पन कड चांगली हाय." मग बोटावर तोलून टिचकी दिली. खोलीभर तो आवाज लांबत राहिला.

हे ऐकत होते. आवाज पुरता विझेपर्यंत मान खाली घालून ऐकत होते. आता बोलतील. आता मला चूक तरी काढतील.

"परव्या डोळे मिटून ओळखे," हे म्हणाले. "कोनता राजा ते."

"हो काय? कसं ओळखे? मले सांगा ना."

यांनी माझ्या हातातला रुपया अलगद काढून घेतला, पाकिटात घातला, डब्याचं झाकण लावलं. मी त्या साडीच्या तुकड्यासमोर बसून राहिले. मला तेव्हा कळलं की मी जे शिकून आले होते ते सगळं बरोबर होतं आणि त्याचा उपयोग काहीच नव्हता. यांना नाण्यांवर बोलणारं माणूस नको होतं. यांना हवा तो माणूस मी कितीही अभ्यास केला तरी होऊ शकणार नव्हते.

तो हंगाम संपला. शेतं उघडी पडली, हरभरा पेरला गेला. त्यानंतर सोयाबीन कितीदा आलं. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. असेल. आमच्या घरात ते लागू पडलं नाही. हे आता दाढी वेळेवर करतात, जेवतात, विहारात जाऊन मागच्या भिंतीशी बसतात. बघणाऱ्याला वाटतं, मास्तर सावरले. डबा मात्र त्यांनी पुन्हा उघडला नाही. पावसाळ्यात मीच पाकिटं बाहेर काढते, पुड्या बदलते, परत लावून ठेवते. अंगणवाडीत लेकरं मला विचारतात, "बाई, तुमचा आवाज काहून बसला?" दिवसभर बोलून बसतो, सांगते त्यांना. खरं तर या मुक्या घरात आल्यावर तो उगीचच खाली उतरतो, आणि सकाळी वर यायला वेळ लागतो.

गेल्या आठवड्यात वाशिमचा एक नाण्यांचा व्यापारी गावात आला होता. मीच निरोप धाडला होता. विकायचं नव्हतं. एक शेवटची आशा होती, की कोणी जाणकार समोर बसला, त्यानं भिंग काढलं, तर कदाचित... माणूस भला होता. चहा पीत त्यानं डबा उघडला, आणि पहिल्याच रुपयाला म्हणाला, "वा! काय जपलं हाय. हात नाई लागलेला."

हे बाजेवर बसले होते. उठले आणि आतल्या खोलीत जाऊन पाठ करून बसले.

व्यापारी ओशाळला. मी म्हटलं, "बसा. मी सांगते." आणि मी सांगत गेले. हा मुकुटाचा, हा बोडका, ही तरुण राणी, हा मंगरूळपीरच्या गाडीत एका मावशीनं दिलेला, हे घासू नका, ते कडेनं धरा. मी थांबेचना. हत्तीची गोष्टही सांगितली आणि तो माणूस खूप हसला. आतून काही आवाज आला नाही. मी मुद्दाम एक तारीख चुकीची सांगितली, मोठ्यानं सांगितली. व्यापाऱ्यानं भुवई वर केली. आतून तरीही कोणी दुरुस्त केलं नाही.

"काकू, तुमच्याजवळ लय माहिती हाय," जाताना तो म्हणाला. "घरात कोनी पुढं सांभाळनारं हाय काय?"

मी मान हलवली. त्याला हो वाटलं की नाही, मला ठाऊक नाही. तो त्याची मोटरसायकल घेऊन फाट्याकडं निघाला. मी कपबशी उचलली, डबा बंद करून वरच्या खणात ठेवायला आत आले.

हे भिंतीकडं तोंड करून बसले होते तसेच होते. मागं न वळता म्हणाले, "गेला काय?"

"गेला," मी म्हणाले.

प्रवीणसाठी तो शब्द आम्ही दोघांनी आजवर एकमेकांपुढं कधी काढला नव्हता. त्या दिवशीही काढला तो एका परक्या माणसाबद्दल. मी जरा वेळ तिथंच उभी राहिले, हे आणखी काही म्हणतील म्हणून. मग कपबशी विसळायला गेले.